दोन्ही पुढची

"आता हे कुठं लावू?" सायकलच्या मिस्त्रीने दुसरं चाक वर धरून विचारलं.

"माझ्या डोक्यावर लाव," थोरल्या बाई म्हणाल्या. "पुढचं पुढं लावलंस ना? मग हे मागं लाव. एवढंही मीच सांगायचं?"

मिस्त्रीने चाक खाली ठेवलं आणि त्याच्या मधल्या जाड डब्यावर पान्याने टकटक केली. "काकू, हे मागं बसत नाही. साखळी अडकवायला ह्याला दाते कुठायत? हा डायनामो आहे. चाक फिरलं की वीज, वीज आली की पुढचा दिवा. असलं चाक पुढंच असतं. तुम्ही दोन्ही पुढची आणलीत."

बाकड्यावर बसलेली धाकटी जाऊ फिस्सकन हसली. ती पंक्चर काढायला आली होती. पंक्चर केव्हाच निघालं होतं, पण आता ती उठते कसली!

थोरल्या बाईंनी ही जोडी सकाळीच सेलमधून उचलली होती. लेकाच्या सायकलला बांधलेल्या टॉर्चच्या बॅटऱ्या दर आठवड्याला संपायच्या आणि त्याची कुरकुर ऐकून घरादाराचे कान किटले होते. चाकं दिव्यांसकट निम्म्या किमतीत होती. खोक्यात दोन होती. दोन म्हणजे जोडी. जोडी म्हणजे एक पुढचं, एक मागचं. ह्यात विचारायचं काय? आणि थोरल्या बाई दुकानदाराला काही विचारत नसत. तोच त्यांना विचारायचा आणि घाम पुसायचा. सून तेव्हा पिशवी धरून शेजारी उभी होती.

ही सून आत्ताही मिस्त्रीच्या दुकानाच्या दाराशी उभी होती. तिला चष्म्याच्या कारखान्यात भिंगं तपासायचं काम मिळालं होतं. सकाळी सहाची पाळी. होय की नाही ते आज कळवायचं होतं. थोरल्या बाईंनी आठ दिवसांपूर्वीच निकाल लावला होता. पहाटेचा अंधार. घरात चालती सायकल एक, ती लेकाची, आणि लेक जाणार उलट्या बाजूला. विषय संपला. सून "बरं" म्हणाली होती. तेव्हापासून घरातली भांडी मात्र जरा जोरातच वाजत होती.

"काकू, काही बिघडलं नाही," मिस्त्री म्हणाला. "दुकानदार भला माणूस आहे. एक चाक परत घेईल. नुसतं म्हणा, मला कळलं नाही."

मला कळलं नाही! साठ वर्षांत हे तीन शब्द थोरल्या बाईंच्या तोंडून निघाले नव्हते. एकदा बँकेत त्यांनी फॉर्म उलटा धरला होता. तेव्हाही छापणाऱ्याचीच चूक आहे, असं त्यांनी साहेबाला ठणकावलं होतं.

"जाऊबाई, दोन्ही चाकं पुढंच लावून घ्या," धाकटी म्हणाली. "घरी लवकर पोचाल."

थोरल्या बाईंनी कमरेवर हात ठेवले.

"दात आत घे आधी. दोन हवी होती म्हणून दोन घेतली. एक लेकाला. दुसरं आमच्या ह्यांच्या सायकलीला. ह्यांचे गुडघे गेल्यापासून ती परसात पुढचं चाक वाकवून पडलीय. माप तेच आहे. सोमवारपासून सूनबाई तिच्यावरून कामाला जाणार. मिस्त्री, उद्या घरी ये आणि बसवून दे. चांगलं आवळून बसव. माझी सून जायचीय त्याच्यावर."

"पण तुम्हीच तर म्हणत होता, अंधारात बाईमाणसाने..." धाकटी म्हणाली.

"मग हा दिवा कशाला घेतलाय? तुझं तोंड बघायला?"

धाकटीला पंक्चर निघाल्याची आठवण झाली.

थोरल्या बाई लेकाची सायकल हाताने ढकलत, मान ताठ ठेवून बाहेर पडल्या. मागून सून खांद्यावर चाक अडकवून चालत होती. कोपरा वळेपर्यंत थोरल्या बाईंनी दम धरला. मग त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"मेला तो दुकानदार! डोळ्यांत धूळ फेकली माझ्या. आणि तू गं? शेजारी उभी होतीस खांबासारखी. तुलासुद्धा दिसू नये?"

"दिसलं ना, आई. खोकं उघडल्या उघडल्या दिसलं."

थोरल्या बाई रस्त्याच्या मधोमध थांबल्या. "मग तेव्हा काय तोंड शिवलं होतं?"

सुनेने चाक ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"तुम्हीच बजावलंय ना, तुम्ही भाव करत असलात की मी मध्ये तोंड घालायचं नाही."