थांब

पायाचं हाड जुळलं, डॉक्टरांनी मोकळ्यावर न्यायला सांगितलं, तरी घोडी तबेल्याच्या दारातच अडली. पाऊल उचलायची आणि परत जागच्या जागी ठेवायची. म्हाताऱ्या मोतद्दाराने गाजर दाखवलं, मानेवरून हात फिरवला, लाडीगोडी लावली. "थांब गं बाई, घाई नको. हळू... थांब, थांब." घोडी ढिम्म.

"घाबरली बिचारी," तो लेकीला म्हणाला. "बाहेरचं जगच विसरली."

दोर धरून उभी असलेली लेक हसली. "घोडं कुठे अडलंय सांगू, बाबा? तुमच्या जिभेवर. पायावर जोर पडू नये म्हणून सगळं आजारपण तुम्ही तिला एकच शब्द ऐकवलात. आताही तिने पाऊल उचललं की तोच म्हणताय. ती घाबरत नाहीये, तुमचं ऐकतेय."

मोतद्दार ओशाळला. त्याने तोंडावर गच्च हात दाबून धरला. घोडीने पाय उचलला, कान टवकारले, वाट पाहिली. शब्द काही आला नाही. मग तिने तो पाय उंबऱ्याबाहेर टाकला, मग दुसरा, आणि गवताचा वास येताच फुरफुरत चालू लागली.

घोडी पडली त्या दिवशी तिच्या पाठीवर ही लेकच होती, आणि तेव्हापासून खोगीर खुंटीवरून उतरलं नव्हतं.

"बाबा," लेक जरा दबकतच म्हणाली, "डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मी बसू हिच्यावर?"

मोतद्दाराने तोंडावरचा हात काढला नाही. नुसती मान डोलावली.