तेच पाऊल

अंजूने धावता धावता बॉल झेलला, आणखी दोन पावलं टाकली आणि बास्केट केली. समोरच्या टीमच्या पोरी ओरडल्या, "ट्रॅव्हल! तीन पावलं!" पंच अशफाक सरांनी शिट्टी वाजवली नाही. "बॉल हातात येताना जमिनीवर असलेलं पाऊल आता मोजत नाहीत," एवढंच ते म्हणाले.

सामना संपला तेव्हा अंजूची आई सोनीबाई कडेच्या दोरीपाशी उभी होती. वाशीमच्या याच मैदानावर काही वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या लेकीचं, नीताचं, अगदी हेच पाऊल सरांनी ट्रॅव्हल ठरवलं होतं. फायनल गेली, राज्याच्या संघातली निवडही गेली. त्या हिवाळ्यात नीता आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली आणि उसाच्या ट्रॉलीखाली सापडून मेली.

"नियम बदलला का, सर?"

"हो. तवाच्या नियमानं ते ट्रॅव्हलच होतं, बाई."

"तुमी बराबरच होते, मी कुठं नाही म्हणते." सोनीबाई दोरीखालून आत आली. "पण नीता अजून दिवे लागले का अंगणात येते, सर. तेच पाऊल टाकते अन् शिट्टी वाजल्यावानी थबकते. बॉल काई टाकत नाही. तांड्यावर येऊन तुमीच तिले सांगाल का, ते पाऊल आता चालते म्हून?"