सुट्या भागांची स्कूटर

स्वानंद सहा दिवस तळोज्याच्या कारखान्यात राबायचा आणि रविवारी सकाळी सानपाड्याहून मुलीला खांदेश्वरच्या आपल्या घरी आणायचा. घटस्फोटानंतर मैथिली त्याच्या वाट्याला तेवढीच येत होती. जेवण झालं की तो सोफ्यावर झोपून जायचा, ती मोबाइल बघत बसायची. सहा वाजता तिला आईकडे पोचवायचं.

मग तिने स्टंट करायची, पायाने ढकलायची स्कूटर मागितली. दुकानातली तयार नको, एकेक भाग आणून आपणच जोडायची, असा हट्ट. एका रविवारी पाय ठेवायची फळी आली, दुसऱ्या रविवारी पुढचा दांडा. हँडल तर तिने दोनदा बदलून आणायला लावलं.

पाचव्या रविवारी फरशीवर बसून बसून स्वानंदची पाठ भरून आली. चाकांचा खोका पुढ्यात होता, डोळे मिटत होते.

"मैथू, तयार घेतली असती तर एका दिवसात काम संपलं असतं गं."

ती हँडलचा स्क्रू आवळत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणून तर नको म्हटलं ना, बाबा."

स्वानंदने हातातलं चाक परत खोक्यात ठेवलं.

"आज पुरे. चाकं नंतर बसवू," तो म्हणाला. "एक पुढच्या रविवारी, एक त्याच्या पुढच्या रविवारी."