बांधापलीकडचा हिरवा दिवा

सुरेखानं सुतळीची शेवटची गाठ करकचून मारली आणि मागं सरून बघितलं. धाकट्या जावेच्या, शीतलच्या, सोलरच्या प्लेटवर तिची जुनी जांभळी साडी ताणून बसली होती. उन्हाची तिरीपसुद्धा आत जायची नाही.

"घे आता," ती पुटपुटली. "चमकव तुझा दिवा!"

शीतल नवऱ्याबरोबर वालसावंगीच्या बाजाराला गेली होती. रानात चिटपाखरू नव्हतं. धावड्याच्या या शिवारात बायांच्या गटानं प्रत्येकीच्या मक्यात एकेक खांब रोवला होता. खांबावर डबा, डब्यात छोटासा कंप्युटर, वर कॅमेरा, आणि त्याला वीज देणारी प्लेट खाली चौकटीवर, हाताशी. दिवसा अख्ख्या शिवारातल्या पानांचे फोटो चाळून अळी हुडकायची, आणि दिवस बुडाला की आपापल्या मक्यात रानडुक्कर शिरलं तर भोंगा वाजवायचा, अशी या डब्यांची कामं. जो डबा कामाला लागेल त्याच्यावर हिरवा दिवा लुकलुकायचा.

आणि तो मेला लुकलुकायचा शीतलच्याच डब्यावर! रोज, सकाळपासून. सुरेखाचा डबा आपला दिवसभर गप्प. येणारा-जाणारा शीतलच्या बांधावर थांबायचा. गटाकडं पाहुणे आले की फोटो तिच्याच खांबापाशी. अहो, थोरली कोण? सुरेखा. गटात आधी नाव कुणी घातलं? सुरेखानं. मग मान हिला का? कोणत्या डब्याला कधी काम द्यायचं ते गटाची इंजिनिअर पोरगी, तृप्ती, ठरवायची. मीटिंगमध्ये तिनं बॅटरीचं सगळं समजावून सांगितलं होतं. पण तेव्हा सुरेखाचं ध्यान शीतलच्या नव्या कानातल्यांवर होतं. सरळ सांगायचं तर तिला हेवा वाटत होता, आणि तो पोटात मावत नव्हता.

एवढं मात्र तिच्या ध्यानात राहिलं होतं, की शीतलच्या प्लेटचं ऊन गेलं तर तिचं काम शेजारच्या डब्याला जातं. शेजारी सुरेखाच होती.

झालंही तसंच. थोड्या वेळानं तिच्या खांबावर हिरवा दिवा लागला. सुरेखाला इतका हरिख झाला, की खुरपं टाकून ती बांधावर बसली आणि बघतच राहिली. रस्त्यानं गिरिजाबाई चालल्या होत्या. त्यांनाही हाक मारून दाखवला. "बघा, आमचाबी चालू झालाय म्हणलं!"

दिवस कलला तशी तृप्ती रस्त्यावर स्कूटी लावून तरातरा रानात आली.

"सुरेखाताई, शीतलताईंच्या प्लेटला काय झालं? दुपारपासून सगळं काम तुमच्याच डब्यावर पडलंय."

"पडू दे की मंग!" सुरेखा फणकारली. "रोज तिचाच लाड चालू हाय. मी बघून राह्यले ना सगळं. आमचा डबा काय फुकटचा आणलाय?"

"लाड कसला हो? तुमच्या प्लेटवर दुपारनंतर लिंबाची सावली येते, बॅटरी भरतच नाही. म्हणून शीतलताईच मला म्हणाल्या, 'अक्काच्या वाटणीचं कामबी माझ्या डब्यावर टाक. भाऊजी ट्रकवर असत्यात, अक्का एकल्याच राखणीला. त्यांचा डबा दिवसा निजू दे, पण राती भोंगा वाजला पायजे.'" तृप्तीनं वर खांबाकडं बघितलं. "म्हणून मी तो रोज निजवून ठेवत होते."

सुरेखानंही वर बघितलं. "मंग आता?"

"आता बॅटरी संपली. आज भोंगा वाजणार नाही."

खांबावरचा हिरवा दिवा विझलाच होता. मक्याची कणसं ऐन दुधात होती. परवाच पलीकडच्या अंगदचा निम्मा मका डुकरांनी एका रात्रीत आडवा केला होता. सुरेखानं आपल्या उभ्या मक्याकडं बघितलं. दिवस तर बुडायला आलेला.

तेवढ्यात बांधावरून शीतल येताना दिसली. बाजारातून आलेली तशीच, पायात चांगल्या चपला. काखेत जांभळी साडी.

"काय होतं प्लेटवर?" तृप्तीनं विचारलं.

शीतलनं एकदा सुरेखाकडं बघितलं. "काय न्हाई. अक्कांनी साडी वाळत घातली असंल, वाऱ्यानं उडून आल्ती आमच्याकडं."

तृप्तीनं लिंबाकडं मान वर केली. एक पान हलत नव्हतं. मोबाइल पर्समध्ये टाकून ती रस्त्याकडं निघाली.

"आमच्या डब्यात सकाळची बॅटरी हाय थोडी," शीतल म्हणाली. "आमचं भागंल. ह्यांना पत्र्याचा डबा घिऊन यायला सांगितलंय. आज आम्ही दोघंबी तुमच्याच मक्यात बसतो. डबा बडवला की डुकरं येत न्हाईत."

हिनं झिंज्या धरल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुरेखाला वाटलं. मग आपल्यालाही तोंड सोडता आलं असतं. पण नाही! इथंही धाकटीच मोठी झाली. दुपारी जळत होता त्याच्या दुप्पट जीव आता जळत होता, आणि मका तर वाचवायचा होता.

"या मंग," एवढंच ती म्हणाली.

शीतलनं साडी तिच्या हातात दिली. घडी अगदी नीट घातली होती. टोकांना सुतळी तशीच लोंबत होती. गाठी सुटल्या नव्हत्या. शीतलला त्या विळ्यानं कापाव्या लागल्या होत्या.