लाल ठिपका

लेक्सिंग्टनच्या जुन्या कॉम्प्युटरांच्या मेळाव्यात क्लेटनने चाळीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटरचा कीबोर्ड मखमलीवर असा मांडला होता, जणू स्वतःच जन्माला घातलाय. एकेक बटण काढून, घासून परत बसवलेलं. पाठीवरच्या लाल ठिपक्याला मात्र पाण्याचा थेंबही लागू दिला नव्हता.

शेजारच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या व्हर्नाने एक बटण दाबलं, तसा तो खेकसला, "हात नका लावू, आजी! आपल्या गावच्या कारखान्याने निवडक नगांनाच हा ठिपका दिला. जगात असे फक्त नऊ आहेत. तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

व्हर्नाने चष्मा पुसून ठिपका नीट पाहिला.



"भंगारात टाकायच्या मालावर हा ठिपका मीच लावायचे, बाळा. नऊ निसटले होय!"