कुंकू लावलेली गाडी

मोहनरावांनी पांढरे सुती हातमोजे चढवले आणि दोन्ही हात पुढे केले.

"आणा बन्सीराव. जपून."

कारखान्याच्या शेतकी ऑफिसात हेच साहेब त्याला 'ए बन्सी' म्हणत. आज रविवारी बंगल्यावर बोलावून राव केलं होतं. बन्सीनं बायकोकडे बघितलं. सिंधुबाई दाराशी फरशीवर अंग चोरून बसली होती, मांडीवर पिशवी. वडवणीहून पहाटेच्या एस.टी.नं दोघं निघाले तेव्हापासून तिनं ती पिशवी खाली ठेवली नव्हती.

समोर भिंतभर काचेचं कपाट होतं. आत दिवे, आणि दिव्यांखाली वीतभर लांबीच्या गाड्या. लाल, पिवळ्या, काळ्या. दारं उघडणाऱ्या, स्टिअरिंग फिरणाऱ्या. शेतकी अधिकारी साहेबांना या गाड्यांचा नाद आहे, हे प्रत्येक ऊसवाल्याला माहीत होतं. सलग दुसऱ्या साली पाऊस गेला होता. बैल छावणीत होते, विहिरीत गाळ होता. साहेब ज्याच्या फडात तोडणीची टोळी धाडतील, त्याचाच ऊस वाळायच्या आत गाळपाला जाणार होता. बन्सीचा दोन एकर ऊस चौदा महिन्यांचा झाला होता. तुरे काढून उभा होता आणि खालून निम्मा वाळला होता.

साहेब तीन वर्षं जी गाडी शोधत होते ती बन्सीच्या भाच्यानं, जालिंदरनं, पुण्याहून मिळवून दिली. दोन शेळ्या त्यात गेल्या.

सिंधुबाईनं खणात गुंडाळलेली गाडी पिशवीतून काढली आणि बन्सीच्या हाती दिली. बन्सीनं ती त्या पांढऱ्या हातांवर ठेवली.

"फेरारी एफ फोर्टी," मोहनराव हळूच म्हणाले. मग त्यांनी खण बाजूला केला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक होतं, वाळून घट्ट झालेलं. काचेवर हळदीची बोटं. टपावर तांदळाचे चार दाणे चिकटलेले. पुढच्या चाकाला लिंबाचा गर.

"हे काय?"

"पूजा केली, सायेब," सिंधुबाई दारातून म्हणाली. "नवी गाडी तशीच कशी द्यायची? लिंबावरनंबी नेली. लई गुणाची हाय, सरळ गेली."

मोहनरावांनी हातमोजा काढून नखानं कुंकू खरवडलं. खालचा रंगही थोडा निघाला.

"बॉक्स कुठंय हिचा?"

"कसला?"

"खोकं! खोकं कुठंय?"

"ते व्हय," बन्सी म्हणाला. "ते चुलीत घातलं. चांगलं जाड व्हतं, एवढा चहा झाला त्याच्यावर."

मोहनराव सोफ्यावर बसले. गाडी दोन्ही हातांत तशीच. बन्सीनं अशी बसलेली माणसं पाहिली होती, पण घरात मयत झाल्यावर.

मग साहेबांनी कापूस घेतला. टेबलावरची पाण्याची सीलबंद बाटली फोडली आणि गाडी धुवायला लागले. कापूस लाल झाला की टाकायचे, दुसरा घ्यायचे, पुन्हा पाणी ओतायचे. सिंधुबाई गाडीकडे नाही, बाटलीकडे बघत होती. अर्धी संपली तेव्हा तिनं मान फिरवली.

"अडाणीपणाला औषध नाही, बन्सी." राव गेला होता. "अरे, ही वस्तू हात न लावता ठेवायची असते. कोरी, खोक्यासकट. हात लागला की किंमत गेली."

"आमच्या उसालाबी आजून कुणी हात लावला न्हाई, सायेब," सिंधुबाई म्हणाली. "वाढली का किंमत?"

बन्सीनं डोळे वटारले. साहेबांनी न ऐकल्यासारखं केलं. पुसलेली गाडी त्यांनी मागच्या रांगेत, एका पिवळ्या गाडीच्या आड ठेवली. बॉनेटवरचा डाग भिंतीकडे केला.

"टोळीचं काय, सायेब?" बन्सीनं विचारलं.

"बघू."

दिवाळीपासून बन्सी हे 'बघू' ऐकत होता.

सिंधुबाई उठून उभी राहिली. "कावून बघू? गाडी पटली नसंल तर द्या माघारी."

"राहू दे, राहू दे. आता आणलीच आहे तर." मोहनरावांनी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. "नंबर लागला की येईल टोळी. पंधरा दिवसांनी एक चक्कर मारा."

पंधरा दिवसांनी फडात सरपण उरणार होतं. हे साहेबांनाही कळत होतं. त्यांचं शिक्षणच त्यातलं होतं.

दोघं बाहेर पडले. कारखान्याच्या वजनकाट्यापासून रस्त्यापर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. सकाळपासून पोटात पाण्याचा घोट नव्हता. सिंधुबाईनं एका ट्रॉलीतून लोंबणारं कांडं ओढून घेतलं, गुडघ्यावर मोडलं, दातानं सोललं.

"ए मावशे, ऊस कुणाचा हाय ठावं हाय का?" ड्रायव्हर वरून ओरडला. "चेअरमन सायबाच्या मेव्हण्याचा हाय."

सिंधुबाई चावत राहिली. मग चोथा थुंकला आणि उरलेला तुकडा नवऱ्यापुढे धरला.

"खाऊन बघा."

बन्सीनं चावा घेतला. नुसतं पाणी लागलं.

"कवळाच तोडलाय," ती म्हणाली. "आजून चार महिने उभा ऱ्हायला असता."