साडीतले आजोबा

ऋजुताचं कॉमिक पडद्यावर आलं आणि सहावीचा वर्ग खदखदून हसला. कॉमिक बनवायच्या वेबसाइटवरच्या तयार चित्रांतून तिने टकल्या आजोबांचं डोकं उचलून साडीतल्या बाईच्या धडावर बसवलं होतं.

“ए, तुझे आजोबा साडी नेसतात?” तन्मय मागच्या बाकावरून ओरडला.

“चुकून झालं ना, बाळा? बदल ते,” मी ऋजुताला म्हणाले.

“नाही बाई. ही माझी आई आहे. औषधांनी तिचे केस गेलेत. बिनकेसांची बाई तिथे मिळालीच नाही.”

मी प्रोजेक्टर बंद करायला उठले, तर तिने माझा हात धरला.

“राहू द्या, बाई. उद्या पालकसभेला आई येणार आहे. सगळ्यांना आजच हसून घेऊ द्या.”